भिंतीपलीकडचं माहेर

सांगलीत माणूस हॉटेलात झोपत नाही, हे आमच्या कंपनीला कळायला बरीच वर्षं लागली. मला विचारलं असतं तर मी एका चहात सांगितलं असतं. पण मुंबईच्या ऑफिसातल्या लोकांना आलेख लागतात, आणि आलेखात मावशी दिसत नाही.

मी त्रिशला मगदूम. ‘निवांत’ या हॉटेलसाखळीच्या शिखर कार्डाचं सांगली-कोल्हापूरकडचं काम मी बघते. हे कार्ड धातूचं, जड, निळंशार. फी ऐकून माणूस आधी खुर्ची ओढून बसतो. बदल्यात प्रत्येक खर्चावर पॉइंट, पॉइंटांवर फुकट रात्री, मोठी खोली, सकाळचा नाश्ता आणि रिसेप्शनवर नावानिशी नमस्कार. मोठ्या शहरांत ते जोरात चाललं. मग कंपनीला वाटलं, पैसा तर लहान शहरांतही आहे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. आमच्याकडच्या डॉक्टरांनी, सराफांनी, बिल्डरांनी, हळदीच्या व्यापाऱ्यांनी कार्डं घेतली. त्यावर डिझेल भरलं, सळई घेतली, मुलींच्या लग्नाचं सोनं घेतलं. पॉइंटांचे ढीग साचले, पण झोपायला कुणी आलं नाही. एका साखर कारखान्याच्या संचालकांनी फुकट मिळालेल्या स्वीटमध्ये अख्खं वऱ्हाड उतरवलं आणि बाथटबमध्ये आइस्क्रीमचे डबे ठेवले. एक डॉक्टर दर रविवारी आईला नाश्त्याला आणत. त्या माउली निघताना दोन इडल्या रुमालात बांधून घेत.

कारण अगदी साधं होतं. पुण्याला गेलं की मावशीकडे उतरायचं, मुंबईला गेलं की साडूकडे. गावात आपलं माणूस असताना हॉटेलात उतरलात, तर ते माणूस पुढचं वर्षभर तोंड फिरवून बसतं. अशा लोकांना उंची हॉटेलचं कार्ड विकून वर निष्ठा मागायची, म्हणजे सगळाच आनंद होता.

मुंबईने लहान शहरांचा विभाग गुंडाळायचं ठरवलं, आणि नेमक्या त्याच वेळी डॉ. इरावती सबनीस आल्या.

सबनीसबाई ध्वनिशास्त्राच्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. बैठकीत सगळ्यात कोपऱ्यात बसायच्या. त्यांनी आम्हाला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. नव्या जागी पहिल्या रात्री आपला मेंदू पुरता झोपत नाही, अर्धा पहाऱ्यावर राहतो. हे जुनंच संशोधन. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला: ही जागा आपली आहे, हे झोपलेला मेंदू कशावरून ओळखतो? गादीवरून नाही, उशीवरूनही नाही. भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजांवरून. नीट न कळणारं बोलणं, कुणाचा तरी खोकला, चपलांची फरफट, ओट्यावर आपटलेलं पातेलं. आपली माणसं पलीकडे जागी आहेत, म्हणजे आपण झोपलो तरी चालेल, असा तो हिशेब आहे. माणूस गुहेत राहायचा तेव्हापासूनचा.

“तुमच्या लोकांना नातेवाइकांचं घर हवं असतं ना?” बाई म्हणाल्या. “मग आपण तेच देऊ. माणसं नाही देता येणार. पण भिंत देता येईल.”

त्यांनी भिंतीला आतून एक पातळ पडदा लावला, ढोलकीच्या कातड्यासारखा, पण सबंध भिंतीएवढा. तो दोन कामं करतो. बाहेरून येणाऱ्या आवाजाची लाट ओळखतो आणि तिच्या बरोबर उलटी लाट सोडून ती मारून टाकतो. मग त्या शांततेत सदस्याच्या घरचे आवाज ऐकवतो. त्यासाठी आधी महिनाभर, परवानगी घेऊन, त्या घरातले आवाज ऐकले जातात. पण ही रेकॉर्ड केलेली टेप नव्हे. भिंत ते घर शिकते आणि पुढे आपलं आपण चालवते. आज भेंडीची फोडणी, उद्या कुणाची शिंक, परवा टीव्हीच्या आवाजावरून कुरबुर. पाहुणा बोलायला लागला की पलीकडची माणसं आवाज कमी करतात. ज्या आवाजाने पाहुण्याची झोप गाढ होते तो वाढत जातो, ज्याने तो चाळवतो तो हळूहळू गळतो.

या खोल्यांना आम्ही ‘माहेर’ नाव दिलं. नाव मीच सुचवलं होतं आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

आवाज शिकवायला पहिलं घर माझंच दिलं. घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा अभिनंदन आणि माझे सासरे, अप्पा. अप्पांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. सौद्याच्या वेळी ते पोत्यावर उभे राहून पुकारा करायचे, तेव्हा म्हणे रस्त्यापलीकडचा चहावाला हातातला कप खाली ठेवायचा. दुपारी आडवे झाले की झोपेतही भाव पुकारायचे. भिंतीने ते सगळं शिकून घेतलं.

त्या भाऊबीजेला अभिनंदनने आपल्या बहिणीला ओवाळणीत शिखर कार्ड घातलं, आमच्या घराला जोडलेलं. चारूताई त्याच्यापेक्षा मोठ्या, नागपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. ताटात ते निळं कार्ड बघून त्या हसत सुटल्या.

“अभ्या, माहेरी आलेल्या बहिणीला हॉटेलात घालवतोस व्हय रे?”

“अगं, पॉइंट मिळतात,” अभिनंदन म्हणाला.

अप्पा पाटावरूनच गरजले, “चारू! गावात घर असताना हॉटेलात गेलीस तर मी येऊन उचलून आणेन!”

ताई गेल्या त्या वर्षअखेरीला. एक फुकट रात्र वाया जाणार होती, आणि वाया घालवणं आमच्या घराण्यात कुणाला जमत नाही. “नुसती एक दुपार पडून येते,” म्हणाल्या. परत आल्या त्या संध्याकाळी, डोळे सुजेपर्यंत झोपून.

“त्रिशला, काय झोप लागली गं! पलीकडे अप्पा भाव पुकारत होते, तू काहीतरी तळत होतीस. मी लहान झाल्यासारखी झोपले.”

मला आनंद झाला. माझी गोष्ट आपल्या माणसाला आवडली, याचा आनंद.

मग आषाढात अप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, आणि तो आवाज गेला. पार गेला, कुजबुजही उरली नाही. ताई धावत आल्या, दवाखान्यात त्यांचा हात धरून बसल्या. अप्पांनी त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं, नुसती हवा आली. ताई उठल्या, बाहेर गेल्या आणि थेट ‘निवांत’मध्ये जाऊन झोपल्या.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणूस दमतं. पण त्यानंतर ताई दर वेळी सांगलीला आल्या की आधी हॉटेलात जायच्या. “उद्या येते घरी,” म्हणायच्या. तो उद्या कधी उजाडायचा, कधी नाही. दिवाळीच्या सुट्टीत आल्या त्या तिथेच राहिल्या. कॉलेजातून रजा वाढवली. नागपूरहून दाजींचे फोन मला यायला लागले. “तिचा मुक्काम तुमच्याकडेच आहे ना?” ते विचारायचे, आणि मी “हो” म्हणायचे. कारण ताईंनी त्यांना तसंच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना ते खोटं वाटतही नव्हतं.

इकडे अप्पा दाराकडे डोळे लावून असत. रिक्षा थांबली की मान वळायची. डॉक्टरांनी अभिनंदनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दुसरा झटका कधीही येऊ शकतो, आणि तो अप्पांना सोसणार नाही. म्हणजे वेळ थोडा होता, आणि मुलगी दोन चौक पलीकडे वातानुकूलित खोलीत झोपली होती.

एका दुपारी मी ठरवूनच गेले. भांडायचंच होतं मला. ताईंनी दार उघडलं. चेहरा इतका शांत, इतका टवटवीत, की माझा अर्धा राग तिथेच विरला.

“ये, बस. चहा सांगू?”

“ताई, अप्पा वाट बघतात तुमची. घरी चला.”

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. “ऐक,” म्हणाल्या.

मी ऐकलं. भिंतीपलीकडे कुणीतरी चालत होतं. घासत चालायची अप्पांची ती लकब. मग खोकला, मग घसा साफ करणं, आणि मग तो आवाज. शब्द नव्हते कळत, पण पुकाऱ्याची ती चढती लय कळत होती. त्या माणसाला मी सकाळी चमच्याने पेज भरवून आले होते.

मग पलीकडे एक बाई बोलली. हलक्या, मऊ आवाजात काहीतरी समजावलं, आणि अप्पा हसले. ती बाई कोण ते कळायला मला जरा वेळ लागला. ती मीच होते. पण मी अशी बोलत नाही हो. मी वाईट बाई नाही, पण माझं बोलणं घासणीने कढई खरवडल्यासारखं आहे, हे सगळी सांगली जाणते. ताईंची झोप चाळवणारी माझी सगळी धार भिंतीने महिनोन्‌महिने घासून काढली होती. उरली होती ती कुणालाही हवीशी वाटावी अशी वहिनी.

“ताई, ते खरं नाही,” मी जोरात म्हटलं.

आणि पलीकडचं सगळं थांबलं. पावलं थांबली, भांडं थांबलं, अप्पांचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. अख्खं घर श्वास धरून आमचं बोलणं ऐकत उभं आहे, असं वाटलं. पाहुणा बोलला की आवाज कमी होतो, हे मला माहीत होतं. मीच ते शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. तरी माझी भिंतीकडे पाठ करायची हिंमत झाली नाही.

“मला माहीत आहे खरं काय ते,” ताई हळूच म्हणाल्या. “रसायनशास्त्र शिकवते मी, खुळी नाही. पण मला त्यांचं ते तोंड बघवत नाही गं. तिथं आले की वाटतं, अप्पा संपले. इथं ते आहेत.”

“तिथंपण आहेत. तुमची वाट बघत आहेत.”

“त्यांना इथं आणलंस तर मी दार उघडणार नाही. सांगून ठेवते.”

त्या पलंगावर जाऊन बसल्या. जरा वेळाने पलीकडे एक खुर्ची सरकली, आणि ती दुसरी मी दबक्या आवाजात काहीतरी बोलली. मी घाईघाईने बाहेर पडले.

लिफ्टमध्ये मला रडू आलं. राग कुणाचा करावा तेच कळेना. मुंबईचे लोक खूश होते. सांगलीतल्या माहेर खोल्या भरलेल्या होत्या, लोक फुकट रात्री संपल्यावर पदरचे पैसे भरून राहत होते, आता लातूर, अकोला, चंद्रपूर इथे तेच करायचं होतं. बढतीच्या यादीत माझं नाव होतं.

दोन दिवसांनी घरी एक गोष्ट घडली. अप्पांना बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई आल्या होत्या. त्या रोज अप्पांकडून जीभ हलवून घेत, फुंकर मारून घेत. त्या दिवशी अप्पांच्या घशातून आवाज आला. ओला, फाटका, जड सामान फरशीवरून ओढल्यासारखा. पण त्यात शब्द होता.

“चा... रू.”

अभिनंदन बाथरूमात जाऊन नळ सोडून रडला. मी बाहेरच रडले.

“हे तिला ऐकवायचं,” तो बाहेर येऊन म्हणाला. “फोनवर नको. फोन ती मध्येच कापून टाकेल. समोरासमोर तर ती दारच उघडणार नाही म्हणते.”

मला युक्ती सुचली, आणि तेव्हा ती मला फार हुशारीची वाटली. ताईंना भिंतीपलीकडचे अप्पा हवेत ना? मग भिंतीपलीकडे खरेच अप्पा नेऊन बसवू. चेहरा नको, नुसता आवाज. त्यांनी हाक मारली की ताई ओळखतील, आपल्या पायाने चालत येतील, आणि एकदा आल्या की चेहऱ्याचं भय राहणार नाही.

मी सबनीसबाईंना फोन केला. आधी विचारलं, खोलीची भिंत बंद करता येईल का.

“तो हक्क फक्त आतल्या सदस्याचा,” त्या म्हणाल्या. “नियम तुमच्याच विभागाने केलाय.”

“बरं, मग शेजारच्या खोलीतून सासऱ्यांनी हाक मारली, तर भिंत ती मारून टाकेल?”

“नाही. घरच्या माणसाचा खरा आवाज ती अडवत नाही. कुणी खरंच भेटायला आलं तर पंचाईत नको म्हणून तशी सोय आहे. त्यांच्या आवाजाची ओळख आहे ना तिच्याकडे?”

“आहे की,” मी म्हटलं. “चांगली महिनाभर घेतलीय.”

त्या “मग झालं” म्हणाल्या. इतकी शिकलेली बाई, आणि या धंद्यात मुरलेली मी. दोघींपैकी एकीलाही पुढचं सुचलं नाही.

ताईंच्या शेजारची खोली घेतली. माझ्याच कार्डावर घेतली, पॉइंट लावून. अभिनंदनने अप्पांना चाकाच्या खुर्चीतून मागच्या लिफ्टने वर आणलं. त्यांना धुतलेलं धोतर नेसवलं होतं, दाढी केली होती. कुठे नेताय म्हणून ते डोळ्यांनीच विचारत होते. अभिनंदन त्यांच्या कानाशी वाकला.

“अप्पा, ताई पलीकडे आहे. भिंतीच्या पलीकडे. हाक मारा.”

अप्पांचा डावा डोळा भरून आला. उजवा तर सदाच पाझरत असायचा.

संध्याकाळ होत आली होती. आमच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, म्हणजे ताईंच्या भिंतीतही आता ताटं आवरत असणार, हात धुऊन सगळे जरा टेकत असणार, असं माझ्या मनात आलं. त्या घराचं वेळापत्रक मला पाठ होतं, माझंच होतं ते. आम्ही अप्पांची खुर्ची भिंतीला लावली. अप्पांनी चांगला हात भिंतीवर टेकवला. मान ताठ केली, जबडा हलवला, छाती फुगवली. पोत्यावर उभे राहून पुकाऱ्याआधी ते असाच दम भरत असतील.

“चा... रू!”

खोली दणाणली. इतका मोठा आवाज मी आजारानंतर ऐकला नव्हता. आम्ही दोघं भिंतीकडे बघत राहिलो. पलीकडून काहीच आलं नाही.

“चा... रू!”

काही नाही. अप्पांनी आमच्याकडे बघितलं. पुन्हा दम भरला. कपाळावरची शीर टरारून आली होती.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भिंतीकडे ओळख होती ती जुन्या अप्पांची. पोत्यावरच्या अप्पांची. हा फाटका आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. तिच्या लेखी हा शेजारच्या खोलीतला गोंगाट होता, आणि ती आपलं काम इमानदारीने करत होती. अप्पा जेवढ्या जोराने हाक मारत होते, तेवढ्याच जोराने ती हाक पुसली जात होती.

“दार उघडं ठेव,” मी अभिनंदनला ओरडले आणि पळाले. कॉरिडॉरमध्ये तसली भिंत नव्हती, पडदा नव्हता. तिथे हाक ऐकू येणारच होती. मी ताईंच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

ताईंनी दार उघडलं. केस मोकळे, अंगावर शाल, चेहऱ्यावर ती शांती. आतून, भिंतीतून, संथ घोरणं ऐकू येत होतं. ते घोरणं मी घरी कित्येक दुपारी ऐकलं होतं.

शेजारच्या उघड्या दारातून आवाज आला. “चा... रू!”

ताई थबकल्या. त्यांनी मान कलती केली. आता ओळखतील, असं वाटलं मला. रक्ताचं माणूस आहे, भिंतीसारखं थोडंच आहे. त्यांच्या भुवया जवळ आल्या, डोळ्यांत काहीतरी हललं. तिथे अभिनंदन दाराच्या चौकटीला धरून उभा होता, आणि त्याच्या मागून अप्पा पुन्हा हाक मारत होते. या वेळी सगळं बळ लावून, हुंदका देत.

“कोण गं ते?” ताईंनी विचारलं. “फार आजारी दिसतात. किती कळवळून ओरडतायत बिचारे.”

मी तोंड उघडलं. अप्पांच्या तोंडातून त्या दिवशी दवाखान्यात जशी आली होती, तशी नुसती हवा आली.

ताईंनी मागे वळून आपल्या भिंतीकडे काळजीने बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “त्रिशला, तू इथलीच आहेस ना? त्यांना जरा गप्प बसायला सांग गं. अप्पांचा आत्ताच डोळा लागलाय.”